बाळाचा मेंदू व आईचें ताट

जोंधळ्याचें पीक पोटरींत असतां पावसानें ओढ दिली तर काय होतें, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. ताट उभें राहतें, पानें हिरवीं दिसतात, आणि रस्त्यानें जाणाऱ्या परक्या मनुष्यास शेत चांगलेंच वाटतें. पण कणीस भरत नाहीं. पुढें महिन्याभरानें धो धो पाऊस पडला, तरी त्या वेळीं जे दाणे धरले नाहींत ते मागाहून धरत नाहींत. पाणी आलें, पण वेळ गेली, असें म्हणून शेतकरी गप्प बसतो.

लहान मुलाच्या मेंदूची वाढ कांहीं अंशीं अशीच आहे. तिला एक ठरलेली वेळ आहे, आणि त्या वेळीं जें लागतें तें त्याच वेळीं मिळावें लागतें. मूल हें पीक नव्हे, त्याची आशा इतक्या लौकर सोडावयाची नसते, हेंही आपण पुढें पाहूं. ह्या धड्यांत तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे: मेंदू केव्हां व कसा वाढतो, अन्नांत काय कमी पडलें म्हणजे त्याची वाढ अडते, आणि खेड्यांतील साध्या घरांत त्याविषयीं काय करतां येण्यासारखें आहे.

१. मेंदू केव्हां बांधला जातो

गर्भ राहिल्यापासून सुमारें २८ दिवसांच्या आंत, म्हणजे पुष्कळ स्त्रियांस दिवस गेल्याचें नीट कळण्यापूर्वींच, गर्भाच्या पाठीकडे एक बारीक नळी मिटून तयार होते. तिच्या एका टोकाचा पुढें मेंदू होतो व उरलेल्या भागाचा पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु होतो. ही नळी नीट मिटण्यास फोलिक आम्ल नांवाचें जीवनसत्त्व लागतें. तें हिरव्या पालेभाज्यांत व कडधान्यांत असतें. नळी कोठें उघडी राहिली तर मूल कण्याचें किंवा डोक्याचें व्यंग घेऊन जन्मतें. ह्याचीं इतर कारणेंही आहेत. परंतु फोलिक आम्लाची उणीव हें त्यांतलें टाळतां येण्याजोगें कारण आहे. म्हणूनच दिवस राहण्यापूर्वींपासून ह्या गोळ्या घ्याव्या असें डॉक्टर सांगतात. बाळाच्या मेंदूची काळजी बारशापासून नव्हे, तर घरांत सून आली त्या दिवसापासून घ्यावयाची असते.

जन्माच्या वेळीं बाळाच्या मेंदूचें वजन सुमारें ३५० ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळ जवळ चौथा हिस्सा असतें. मूल दोन वर्षांचें होईपर्यंत हें वजन पाऊण हिश्शाच्या घरांत जातें, आणि सहाव्या वर्षापर्यंत दहांपैकीं नऊ हिस्से पुरे होतात. हात, पाय, पोट ह्यांची वाढ पुढें पंधरा वर्षें चालते. मेंदूची घाई मात्र अगदीं आरंभीं असते.

मेंदूंतील बहुतेक पेशी जन्मापूर्वींच तयार झालेल्या असतात. जन्मानंतरचें मोठें काम म्हणजे ह्या पेशींचे एकमेकींशीं सांधे जुळणें. आईचा आवाज ओळखणें, वस्तु धरणें, शब्द उच्चारणें, ह्या प्रत्येक शिकण्याबरोबर नवे सांधे जुळतात. शिवाय पेशींपासून निघणाऱ्या तंतूंवर मायेलिन नांवाचें एक स्निग्ध वेष्टण चढत जातें. हें वेष्टण चढलें म्हणजे तंतूंतून जाणारा निरोप जलद व बिनचूक जातो. पेशी, सांधे व वेष्टण हीं तिन्ही अन्नापासूनच बनतात. दुसरीकडून येत नाहींत.

ह्याशिवाय मेंदूला नित्य चालण्यास इंधन लागतें. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारें पन्नासाव्या हिश्शाइतकाच असतो. तरी स्वस्थ पडलेलें शरीर जितकी शक्ति खर्च करितें, तिचा पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. लहान मुलाचा मेंदू तर निम्म्याहून अधिक घेतो. घरांतील सर्वांत लहान माणसाला वरचेवर भूक लागते ती उगीच नव्हे.

अन्न कमी पडूं लागलें म्हणजे शरीर काटकसर करूं लागतें. मूल आधीं खेळणें कमी करितें, मग त्याची उंची थांबते. भारत सरकारच्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, म्हणजे २०१९ ते २०२१ ह्या काळांत, देशांतील पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. महाराष्ट्रांतही हें प्रमाण ३५ च होतें. उंची ही बुद्धीची मोजपट्टी नव्हे, आणि ठेंगण्या आईबापांचें मूल ठेंगणें असूं शकतें. परंतु ज्या उपासमारीनें व वारंवारच्या आजारानें हाड खुंटतें, तिनेंच मेंदूचाही वांटा कमी होतो. हाड डोळ्यांना दिसतें, मेंदू दिसत नाहीं, इतकाच काय तो फरक.

२. चार खेड्यांची गोष्ट

लहानपणींच्या अन्नाचा परिणाम मोठेपणापर्यंत पोंचतो काय, ह्याचें उत्तर मिळण्यास पुष्कळ वर्षें वाट पाहावी लागते. मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांत ती वाट पाहिली गेली.

त्या देशाच्या पूर्व भागांतील चार खेडीं निवडलीं होतीं. लोक गरीब, मक्याच्या भाकरीवर व घेवड्याच्या उसळीवर राहणारे. १९६९ पासून १९७७ पर्यंत प्रत्येक खेड्यांत एका ठिकाणीं रोज दोन वेळां एक पेय तयार करून ठेवीत; ज्याला यावयाचें असेल त्यानें यावें व प्यावें. दोन खेड्यांत हें पेय अटोले नांवाचें होतें. त्यांत वनस्पतिजन्य प्रथिनांचें पीठ, दुधाची भुकटी व साखर घातलेली असे. उरलेल्या दोन खेड्यांत फ्रेस्को नांवाचें सरबत देत. त्यांत प्रथिन मुळींच नसे, आणि शक्तिही अटोलेच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकी असे. कांहीं काळानें दोन्ही पेयांत जीवनसत्त्वें व क्षार सारखेच घालूं लागले. औषधोपचाराची सोय चारही खेड्यांत सारखीच होती.

काम संपलें, मुलें मोठीं झालीं. पुढें संशोधकांनीं त्यांस पुन्हा शोधून काढलें. शेवटीं २००२ ते २००४ ह्या काळांत, जेव्हां तीं स्वतः संसारी झालीं होतीं, तेव्हां त्यांची वाचनाची व बुद्धीची परीक्षा घेतली. ज्यांस अगदीं लहानपणीं अटोले मिळालें होतें, त्यांस वाचलेलें अधिक समजत होतें, आणि बुद्धीच्या परीक्षेंतही तीं पुढें होतीं. त्यांतील स्त्रिया सरासरीनें एक इयत्ता व वर थोडें अधिक शिकल्या होत्या. ज्या पुरुषांस पहिल्या दोन वर्षांत अटोले मिळालें होतें, त्यांची तासाची मिळकत सुमारें ४६ टक्के अधिक होती.

ह्यांतील मर्माची गोष्ट वयाची आहे. तिसरें वर्ष उलटल्यावर ज्यांस प्रथम अटोले मिळूं लागलें, त्यांच्या मिळकतींत हा फरक दिसला नाहीं. पेय तेंच, खेडें तेंच. वेळ मात्र गेलेली होती. पोटरींतील पिकाची गोष्ट ती हीच.

३. वेलोर येथील तान्हीं बालकें

पोट भरलें म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. पण भरलेल्या पोटींही मेंदू उपाशी राहूं शकतो. आपल्याच देशांतील एक उदाहरण पाहा.

वेलोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळांत कांहीं तान्हीं बालकें येत, तीं पाहून डॉक्टर चकित होत. हाडकुळीं नव्हत, पुष्कळदां गुबगुबीतच असत, आईच्या अंगावर पीत. परंतु हंसणारें बाळ हंसेनासें झालेलें, बसणारें बाळ बसेनासें झालेलें, मान धरणारें मान टाकूं लागलेलें. आईकडेही तें टक लावून पाहत नसे. हातापायांची कातडी काळवंडे, रक्त कमी झालेलें असे, आणि कित्येकांचे हातपाय आपोआप हालत. जाधव, वेब, वैष्णव व बेकर ह्या चार डॉक्टरांनीं १९६२ सालीं अशा सहा बालकांची हकीकत इंग्लंडांतील लान्सेट ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केली. बालकांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व फार थोडें होतें. त्यांच्या आयांच्याही शरीरांत तें थोडेंच होतें. तें जीवनसत्त्व दिल्यावर बालकें सुधारलीं.

ब-१२ धान्यांत नाहीं, डाळींत नाहीं, भाजीपाल्यांत किंवा फळांतही नाहीं. तें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस ह्यांतूनच मिळतें. मायेलिनचें वेष्टण चढण्यास व रक्त तयार होण्यास तें अवश्य आहे. आईच्या अंगीं तें नसेल तर तिच्या दुधांतही उतरत नाहीं. दूध भरपूर येतें, बाळ पोटभर पितें, आणि तरी त्याचा मेंदू उपाशी राहतो. ह्यांत आईच्या दुधाला बोल लावावयाचा नाहीं. बोल तिच्या ताटाला आहे.

हें दूरचें दुखणें नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तांत ब-१२ कमी आढळलें. त्यांचीं मुलें नऊ वर्षांचीं झाल्यावर कांहींची परीक्षा घेतली, तेव्हां ज्यांच्या आयांमध्यें गरोदरपणीं हें जीवनसत्त्व फारच कमी होतें, तीं मुलें लक्ष देण्याच्या व ऐकलेलें ध्यानांत ठेवण्याच्या कांहीं परीक्षांत इतरांच्या मागें पडलीं.

आतां आपल्या घरांतील पंगत डोळ्यांपुढें आणा. आधीं पुरुष जेवतात, मग मुलें, मग सासू, आणि सर्वांच्या मागून सून. दह्याची वाटी पुरुषांच्या पानापर्यंत पोंचते, अंडें असलेंच तर मुलाला. सुनेच्या वांट्यास भाकरी, खरवडलेली भाजी व चटणी. गाई-म्हशीचें दूध पहांटे डेअरीला जातें, तें चहापुरतेंच मागें राहतें. कोणी तिला मुद्दाम उपाशी ठेवितो असें नाहीं. रीतच तशी पडली आहे. परंतु त्या शेवटच्या ताटावर दोन जीव जेवत असतात, हें ध्यानांत घेतलें तर ती रीत चालू ठेवणें कोणास बरें वाटेल?

४. मिठाचा खडा

हिमालयाच्या पायथ्याच्या मुलखांत पूर्वीं पुष्कळ लोकांच्या गळ्यास गलगंड दिसे. त्याच गांवांत कांहीं मुलें जन्मतःच बहिरीं, मुकीं व बुद्धि खुंटलेलीं अशीं आढळत. लोक त्यास दैव म्हणत. कारण मात्र मातींत होतें. पाऊस, बर्फ व पूर ह्यांनीं डोंगरांतील मातींतलें आयोडीन हजारों वर्षें धुऊन नेलें. त्या मातींतलें धान्य खाणाऱ्यांस तें मिळेनासें झालें. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीस आपला रस तयार करण्यास आयोडीन लागतें, आणि ह्या रसावांचून गर्भाच्या मेंदूची घडण होत नाहीं. गर्भाची स्वतःची ग्रंथि कामास लागेपर्यंत पहिले कांहीं महिने सर्व भार आईच्याच ग्रंथीवर असतो.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ पासून हिमाचल प्रदेशांतील कांगडा खोऱ्यांत एक मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांस आयोडीन घातलेलें मीठ पुरविलें व एका भागांत साधेंच मीठ चालूं दिलें. सुमारें सहा वर्षांनीं पाहतां आयोडीनयुक्त मिठाच्या दोन्ही भागांत गलगंड पुष्कळच कमी झाला होता; तिसऱ्या भागांत तो होता तसाच होता. पुढें त्या भागासही आयोडीनयुक्त मीठ देण्यांत आलें. ह्यावरूनच भारत सरकारनें १९६२ सालीं गलगंड निवारणाची राष्ट्रीय योजना सुरू केली.

मोठ्या माणसास दिवसाला अवघें १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतें, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस सुमारें २५०. हें प्रमाण इतकें सूक्ष्म आहे कीं जन्मभराचें आयोडीन चहाच्या एका चमच्यांत मावेल. इतक्याशा वस्तूवांचून मुलाची बुद्धि खुंटावी, आणि ती वस्तु मिठाच्या पुडींतून घरोघर पोंचवितां यावी, ह्याहून स्वस्त उपाय वैद्यकांत फार थोडे असतील. म्हणून खाण्याचें मीठ आयोडीनयुक्त पाहूनच घ्यावें. बाजारांतील खडेमिठांत बहुधा आयोडीन घातलेलें नसतें. मीठ झांकून, चुलीच्या धगीपासून व ओलीपासून दूर ठेवावें.

५. रक्तांतील लोह

वर सांगितलेल्या २०१९ ते २०२१ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या शंभर मुलांपैकीं सुमारें ६९ मुलांच्या अंगीं रक्त कमी, म्हणजे पंडुरोग, आढळला. ह्याचें मोठें कारण लोहाची उणीव हें होय. लोह केवळ रक्तासाठीं लागतें असें नाहीं. मायेलिनचें वेष्टण चढण्यास आणि मेंदूंतील निरोप एका पेशींतून दुसरींत नेणारे रस तयार होण्यासही तें लागतें.

मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका देशांत बेट्सी लोझॉफ ह्या बाईंनीं व त्यांच्या सोबत्यांनीं अशा बालकांवर पुष्कळ वर्षें नजर ठेविली. तान्हेपणीं ज्यांस लोहाच्या उणिवेनें पंडुरोग झाला होता, त्यांस औषध देऊन रक्त भरून आणलें. तरी तीं पांच वर्षांचीं झाल्यावर परीक्षेंत इतर मुलांच्या मागें राहिलीं, असें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. रक्त भरून आलें, पण त्या महिन्यांतील मेंदूचें काम पूर्णपणें भरून आलें नाहीं. म्हणून पंडुरोग झाल्यावर धांवण्यापेक्षां तो होऊं न देणें बरें.

पूर्ण दिवसांचें बाळ आईच्या पोटांतूनच लोहाचा साठा घेऊन येतें, आणि तो सुमारें सहा महिने पुरतो. आईच्या दुधांत लोह थोडें असतें, म्हणून सहाव्या महिन्यानंतर बाहेरचें अन्न हवेंच. आईसच पंडुरोग असला तर साठा आधींच तोकडा असतो. जन्मतांच नाळ कापण्याची घाई न करितां एक ते तीन मिनिटें थांबल्यास वारेंतील रक्त बाळाच्या अंगांत जातें व साठा वाढतो. बाळ रडत असून सर्व ठीक असल्यास सुइणीनें वा दाईनें इतकें थांबावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे.

येथें एका वाईट खोडीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. बाळ रडूं लागलें कीं त्यास चहांत बुडविलेलें बिस्किट देतात. साखरेनें भूक मरते, आणि चहा अन्नांतील लोह शरीरास लागूं देत नाहीं. दोन वर्षांच्या लेंकराच्या हातीं चहाची बशी पाहून घरचीं माणसें कौतुकानें हंसतात. तें हंसण्यासारखें नाहीं.

६. अन्न आणि लळा

आतां आशेची बाजू पाहूं. जमेका बेटांतील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्तींत १९८६ व १९८७ सालीं सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर ह्या बाईंनीं ९ ते २४ महिन्यांचीं १२९ खुजीं बालकें निवडलीं व त्यांचे चार गट केले. एका गटास दर आठवड्यास एक किलो दुधाची भुकटी देत. दुसऱ्या गटाच्या घरीं आठवड्यांतून एकदां आरोग्यसेविका तासभर येऊन आईला बाळाशीं खेळावयास शिकवी. खेळणीं घरचींच: डबे, झांकणें, चिंध्या, चित्रांचे कागद. तिसऱ्या गटास दोन्ही मिळालें, चौथ्यास कांहींच नाहीं. दोन वर्षांनीं पाहतां दुधानेंही बालकांच्या बुद्धीची वाढ सुधारली व खेळानेंही सुधारली. ज्यांस दोन्ही मिळालें तीं तर धडधाकट मुलांच्या जवळ जवळ बरोबरीस आलीं. पुढें वीस वर्षांनीं त्यांची मिळकत पाहिली, तेव्हां ज्यांच्या घरीं खेळ शिकविला होता त्यांची मिळकत सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक निघाली. उशिरानें दिलेल्या दुधाचा परिणाम मात्र तितका टिकला नव्हता.

ह्यावरून दोन गोष्टी कळतात. अन्न हें मेंदूचें चुना-वीट आहे. पण घर बांधणारा गवंडी म्हणजे माणसांचा सहवास. बाळाशीं बोलणें, त्याच्या हुंकाराला हुंकार देणें, अंगाई म्हणणें, बोट धरून वस्तु दाखविणें, ह्यांनीं सांधे जुळतात. आणि दुसरें असें कीं, वेळ थोडी उलटली तरी सर्व कांहीं गेलें असें समजूं नये. कोरियांतील कांहीं अनाथ मुली लहानपणीं उपासमारींत सांपडल्या होत्या. पुढें त्या अमेरिकेंतील सुखवस्तु घरांत दत्तक गेल्या. त्यांची हकीकत १९७५ सालीं प्रसिद्ध झाली. लहानपणीं उपाशी राहिलेल्या मुली पोटभर खाल्लेल्यांच्या किंचित् मागें होत्या, तरी शाळेंत व बुद्धीच्या परीक्षेंत त्या सर्वसाधारण मुलांच्या खालीं नव्हत्या. पिकाला दुसरा हंगाम मिळत नाहीं. मुलाला, प्रेमानें वागविल्यास, पुष्कळ अंशीं मिळतो.

७. घरीं काय करावें

पहिलें. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीनें सर्वांच्या बरोबर, किंवा सर्वांच्या आधीं जेवावें. तिच्या ताटांत रोज डाळ किंवा उसळ, पालेभाजी, आणि दूध, दहीं, अंडें, मासे ह्यांपैकीं कांहीं तरी असावें. हें सासूनें व नवऱ्यानें पाहावयाचें आहे. सून स्वतः होऊन मागणार नाहीं. ज्या घरीं अंडीं-मांस खात नाहींत, तेथें दूध व दहीं तिच्यासाठीं काढून ठेवावें, आणि ब-१२ च्या औषधाविषयीं डॉक्टरांस विचारावें.

दुसरें. आरोग्य केंद्रांतून गरोदर स्त्रीस लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात. त्या निदान १८० दिवस रोज घ्यावयाच्या असतात. शौचास काळें होतें म्हणून भिऊन त्या फेंकूं नयेत. चहाबरोबर घेऊं नयेत; लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्यास अधिक लागूं पडतात.

तिसरें. बाळ जन्मल्यापासून एका तासाच्या आंत त्यास अंगावर घ्यावें. पहिलें पिवळें, चिकट दूध पिळून टाकूं नये. तें बाळाचें पहिलें औषध आहे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणी, मध, गुटी कांहीं देऊं नये. मध तर वर्षाच्या आंतील बाळास विषासारखा बाधूं शकतो.

चौथें. सहा महिने पुरे होतांच उष्टावण करावें, मुहूर्तासाठीं लांबवूं नये. वरणाचें नुसतें पाणी देण्याची चाल सोडावी. त्यानें पोट भरतें, पोषण होत नाहीं. अन्न चमच्यावरून ओघळणार नाहीं इतकें घट्ट असावें. मऊ भात व घट्ट वरण कुस्करून, नाचणीची लापशी, मुगाच्या डाळीची खिमट, त्यांत चमचाभर तूप किंवा तेल, शेंगदाण्याचें बारीक कूट, शिजविलेली पालेभाजी, उकडलेलें अंडें, कुस्करलेलें केळें, असें आलटून पालटून द्यावें. शेंगदाण्याचा अख्खा दाणा मात्र देऊं नये. तो श्वासनळींत अडकतो. भाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यांतील लोह अधिक लागतें.

पांचवें. आठव्या महिन्यापर्यंत दिवसांतून दोन-तीन वेळां, पुढें तीन-चार वेळां खाऊं घालावें, आणि अंगावरचें दूध दोन वर्षें व पुढेंही चालू ठेवावें. बाळाची वाटी निराळी असावी, म्हणजे तें किती जेवलें हें कळतें.

सहावें. जुलाब झाले असतां अन्न बंद करूं नये. जलसंजीवनी व अंगावरचें दूध देत राहावें, आणि बरें झाल्यावर दोन आठवडे एक जेवण अधिक द्यावें. अन्नाला हात लावण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे; जुलाबांत खाल्लेलें अन्न वाहून जातें.

सातवें. अंगणवाडींत दर महिन्यास बाळाचें वजन करून घ्यावें व तें पत्रकावर मांडलेलें पाहावें. सहा महिने ते पांच वर्षें ह्या वयांत दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला, तर तें धोक्याचें चिन्ह समजून त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत न्यावें. शिकलेलें हंसणें, बसणें, बोलणें बाळ विसरूं लागलें, तरी तसेंच करावें. नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरीत बसल्यानें मौल्यवान् दिवस जातात.

आठवें. रोज थोडा वेळ घरांतील प्रत्येकानें बाळाशीं बोलावें. बापानेंही. ह्याला पैसा लागत नाहीं.

जमिनीची मशागत, बियाणें, खत ह्यांसाठीं कर्ज काढणारा मनुष्य घरांतील दह्याची वाटी कोणापुढें ठेवावी ह्याचा विचार करीत नाहीं, कारण त्याला कोणी तो हिशेब सांगितलेला नसतो. ह्या पिकाची वेळ गर्भापासून धरून सुमारें एक हजार दिवसांची आहे. आज ज्या घरीं दिवस गेलेली सून आहे किंवा पाळण्यांत बाळ आहे, त्या घरीं ते दिवस चालूच आहेत. तेव्हां हा धडा वाचून झाल्यावर आज संध्याकाळीं पंगत बसेल त्या वेळीं शेवटच्या ताटांत काय उरतें, तें एकदां डोळ्यांनीं पाहावें.

घरीं व स्त्रियांच्या सभेंत विचारावयाचे प्रश्न

१. मेंदूची वाढ कोणत्या वयांत सर्वांत झपाट्यानें होते?
२. ग्वाटेमालांतील चार खेड्यांच्या गोष्टींत वयाला महत्त्व कां आलें?
३. वेलोर येथील बालकें अंगावर पीत असतांही आजारी कां पडलीं?
४. आपल्या घरांतील मीठ आयोडीनयुक्त आहे काय? पुडीवर पाहून सांगा.
५. लहान मुलास चहा कां देऊं नये?
६. अन्नाइतकीच आणखी कोणती गोष्ट बाळाच्या मेंदूस लागते?
७. आपल्या घरांत सर्वांच्या शेवटीं कोण जेवतें, आणि त्याच्या ताटांत काय असतें?